बबडीला चालेल असं

माझ्या पार्लरमध्ये येऊन, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर, माझ्याच क्रीमच्या डब्या उलट्या करून मोठ्यानं वाचायची हिंमत एकीचीच होती. माझी भाची. ताईची एकुलती एक. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण घरात ती बबडी, आणि नोकरीला लागून वेगळ्या खोलीत राहायला गेल्यावरही बबडीच. खुर्चीत एखादी बाई फेशियलला टेकलेली असायची, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या, आणि ही तिच्या कानाशी उभी राहून विचारणार, "मावशी, हे तोंडाला लावायचं की भिंतीला?" बाई काकडीसकट उठून बसायची. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. मी म्हणायचे, "तू घरी जा बरं! माझ्या धंद्यावर का उठलीयेस?" ती दारातल्या स्टुलावर बसून खिदळायची आणि माझ्याच फ्रिजमधलं थंड पाणी प्यायची.

त्या बबडीचा चेहरा नीट करायला ताईनं मला बोलावलं.

आदल्या संध्याकाळी ऑफिसातून परतताना रस्त्यात तिला टेंपोनं उडवलं. मार डोक्याच्या आत लागला. बाहेरून पाहिलं तर काही नाही, डाव्या गालावर तेवढा मोठा काळानिळा डाग. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिचे बाबा, म्हणजे आमचे भावजी, जहाजावर मेकॅनिक आहेत. त्यांना कळवलं, ते मधल्याच बंदरात उतरले आणि मिळेल त्या गाडीनं निघाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोचणार होते. सुट्टीवर येताना ते बबडीला गेटवर उभी बघायचे, आणि आता असं. ताईचं एकच म्हणणं होतं, त्यांना पोरीचा चेहरा होता तसा दिसला पाहिजे. तो डाग त्यांच्या नजरेला पडला तर ते आयुष्यभर दुसरं काही आठवणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मलाही होतं.

म्हणून सकाळीच मी माझी पेटी घेऊन ताईच्या घरी गेले. नवरीमुली नटवायची पेटी आहे ती. किती नवरीमुलींचे फोड, काळी वर्तुळं आणि रडून सुजलेले डोळे मी त्या पेटीच्या जोरावर झाकले असतील, त्याची गणती नाही. गालावरचा डाग म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. मी पेटी टेबलावर ठेवली, तशी ताई म्हणाली, "यातलं नाही लावायचं."

"मग काय लावू?"

"तिला चालेल असं."

ताई अजून रडली नव्हती. कुणीतरी हातात दिलेला चहा तिनं पिऊन टाकला होता, कप धुऊन पालथा घातला होता, आणि आता ती चष्मा शोधत होती. "यातल्यानं तिचं अंग उठेल," ती म्हणाली. "तुला माहीत आहे ना?"

माहीत होतंच. बबडीचं अंग जन्मापासून उठायचं. साबण बदलला की उठलं, लोकरीचा स्वेटर घातला की उठलं, सेंट लावलेल्या एखाद्या बाईनं कौतुकानं गालाचा पापा घेतला की तिथे लालभडक चट्टा. मग खाज. ताई तिच्या हातांत सुती मोजे घालून तिला झोपवायची, तरी सकाळी उशीला रक्ताचे ठिपके असायचे. डॉक्टर झाले, मलमं झाली, मी माझ्याकडचं भारीतलं भारी लोशन दिलं, त्यानं तर मान सोलून निघाली. ताई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नव्हती.

कॉलेजात गेल्यावर बबडीला ते प्रमाणित ऑरगॅनिकचं, म्हणजे तपासून शिक्का मारलेल्या वस्तूंचं, प्रकरण सापडलं, आणि ती त्यात शिरली ती शिरलीच. मी म्हटलं, चला, आता नवं खूळ. पण वर्षभरात पोरीचं अंग शांत झालं. एक दिवस ती अर्ध्या बाह्यांचा कुडता घालून पार्लरमध्ये आली. जन्मात पहिल्यांदा. मी नुसता तिचा हात धरला आणि मनगटापासून वर हात फिरवून बघितला. मऊ होता. तेव्हापासून ती माझी मास्तरीण झाली. "पानाचं चित्र काय, कुणीही छापतं, मावशी. 'नैसर्गिक' असं कुणीही लिहितं. शिक्का बघ. शिक्का कुणाचा, त्याच्याजवळ तपासणाऱ्याचा नंबर आहे का, ते बघ. आणि शिक्का असला तरी आत काय घातलंय ते वाच. खाजकुइलीसुद्धा ऑरगॅनिकच असते!"

तिची नेहमीची डबी पर्समध्ये होती आणि पर्स पोलिसांकडे. शिवाय ती साधी, बिनरंगाची. तिनं डाग झाकला नसता. मी ताईला म्हटलं, "बरं, मी आणते दुकानातून. तू बस." पण ती कसली बसते! चष्मा सापडला होता. घरातल्याच कपड्यांवर ती निघाली. दोन पायांत दोन जोडांच्या चपला होत्या, आणि मी ते तिला सांगितलं नाही.

मोठ्या रस्त्यावरच्या त्या काचेच्या दुकानात मी आजवर पाऊल टाकलं नव्हतं. आमच्या धंद्यातल्या बायकांना असल्या दुकानांचा राग असतो. आत पांढरे लाकडी कप्पे, बसक्या डब्या, मंद वास. काउंटरवरची मुलगी बबडीच्याच वयाची असेल. छान हसून पुढे आली. "या काकू, काय दाखवू?"

"मुलीसाठी हवंय," ताई म्हणाली. "तोंडाला लावायचं. रंग असलेलं. पण शिक्क्याचं दाखव हं, नुसत्या पानाच्या चित्राचं नको."

मुलीनं कौतुकानं मान डोलावली. "स्किन कशी आहे त्यांची?"

"फार नाजूक. लगेच उठतं."

"रोज बाहेर जाणं असतं का? उन्हात?"

"नाही," ताई म्हणाली, "आता बाहेर नाही जायची."

मी कप्प्याकडे तोंड फिरवलं. मला त्या पोरीला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई, तुझं तोंड बंद कर आणि काय असेल ते दे. पण तिची काय चूक? ती आपलं काम करत होती, आणि माझ्यापेक्षा बरं करत होती. मी गिऱ्हाइकाला इतकं विचारत नाही.

तिनं तीन डब्या काउंटरवर मांडल्या. ताईनं पहिली उचलली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, आणि माझ्या हातात दिली. "वाच गं. अक्षर बारीक आहे."

मी वाचलं. डबीभर पानं नि फुलं, शिक्का मात्र कुठेच नव्हता. "पहिली नको." दुसरीवर शिक्का होता, नंबर होता, सगळं यथासांग. मी आतल्या वस्तू वाचत गेले आणि संत्र्याच्या सालीच्या तेलापाशी थांबले. "नको," ताई लगेच म्हणाली, "त्यानं तिच्या ओठांभोवती येतं." तिसरीवर शिक्का होता आणि वास कसलाच नव्हता. मी ती दोनदा वाचली. बबडी शेजारी उभी असती तर मला हसून हसून लोळली असती. मावशी आणि डबीची मागची बाजू! तिच्या जिवंतपणी मी असं कधी वाचलं नव्हतं.

"ही चालेल," मी म्हटलं.

"आता शेड," मुलगी म्हणाली. "त्यांना घेऊन आला असतात तर बरं झालं असतं. फोटो आहे का?"

ताईनं फोन काढला. गेल्या महिन्यातला फोटो होता, बबडी गॅलरीत कपडे वाळत घालताना मागे वळून हसतेय. मुलीनं तो मोठा करून बघितला. "अय्या, किती छान स्किन आहे यांची!"

"आता झालीय," ताई म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. "आधी नव्हती हं. फार सोसलंय तिनं. स्वतःच शोधून शोधून बरी केली."

"मग रंग असलेलं कशाला? यांना गरजच नाही."

"डाग आहे एक. गालावर. मुका मार लागलाय."

"अगंबाई! पडल्या का?"

"हो."

"मग काळजी नका करू, काकू. मुका मार आपोआप जातो. आधी निळा, मग हिरवा, मग पिवळा, आणि मग पत्ताच लागत नाही. तोवर हे पातळसं लावायला सांगा. लगेच फरक नाही दिसायचा, पण महिनाभर लावलं की बघा."

ताईनं सगळं नीट ऐकून घेतलं. मान हलवत होती, मधेच विचारतही होती, रोज धुतल्यावर लावायचं की आधी. मी तिचा दंड धरला. हाताला हाडंच लागली. बाहेर आल्यावर तिनं पिशवी छातीशी धरली आणि मला म्हणाली, "मुलगी चांगली होती नाही? नीट समजावून सांगितलं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

हॉस्पिटलच्या तळघरात त्यांनी आम्हाला एक छोटी खोली उघडून दिली. फरशी पुसलेली, भिंतीवर ट्यूबलाइट, कोपऱ्यात बेसिन आणि एक लोखंडी स्टूल. मधोमध चाकांच्या पलंगावर बबडी, गळ्यापर्यंत पांढरी चादर. ड्यूटीवरची बाई आडव्या अंगाची, खड्या आवाजाची. "लवकर आटपा हं, मला खोली लागणार आहे," म्हणून ती बाहेर जाऊन बसली.

मी खूप चेहरे हाताळलेत. झोपलेले, घाबरलेले, रागावलेले. मग मी बबडीच्या चेहऱ्यावर वाकले. हनुवटी तीच, भुवया त्याच, आणि त्या भुवयांना मला कधी हात लावू दिला नव्हता तिनं. डाग माझ्या मनातल्यापेक्षा मोठा होता. डोळ्याच्या कडेपासून जबड्यापर्यंत. एका नजरेत मला कळलं की ताईच्या हातातल्या त्या पातळ क्रीमनं हे झाकलं जायचं नाही. याला आधी निळेपणा मारायला नारिंगी रंगाचा हात, त्यावर घट्ट थर, त्यावर पावडर, असंच करावं लागणार. ते सगळं माझ्या पेटीत होतं, आणि पेटी माझ्या पायाशी होती.

"ताई," मी हळूच म्हटलं, "ऐक माझं. हे पुरणार नाही. भावजी यायची वेळ होत आलीय. मी माझ्यातलं थोडंसं, अगदी डागापुरतं..."

"थांब जरा," ती म्हणाली.

तिनं डबी उघडली. बोटावर थोडंसं क्रीम घेतलं, पण गालाकडे गेली नाही. तिनं चादर बाजूला सारली, बबडीचा उजवा हात थोडा बाहेर घेतला आणि बाही वर सरकवली. हात ताठ होता. तिनं कोपराच्या आतल्या बाजूला क्रीमचा ठिपका दिला. तो पसरेना. अंगाला ऊब नव्हती, क्रीम मेणासारखं तसंच राहिलं. मग ताईनं ते पुसून आपल्या दोन तळव्यांत चोळून चोळून पातळ केलं आणि पुन्हा लावलं, हलक्या हातानं, गोल गोल. आणि मग तिनं बबडीचं मनगट धरलं आणि उभी राहिली.

ती काय करत होती ते माझ्या लक्षात आलं.

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू बबडीच्या अंगाला लागायची ती आधी तिथे. तेल असो, साबण असो, कुणी हौसेनं दिलेली पावडर असो. कोपराच्या आत एक ठिपका, आणि मग वाट बघायची. तेवढ्यात तिनं खाजवू नये म्हणून ताई तिचं मनगट धरून बसायची आणि काहीबाही सांगत राहायची, शेजारच्यांच्या कुत्र्याचं, बाबांच्या जहाजाचं. चट्टा उठला की ती वस्तू त्याच पावली बाहेर. नाही उठला, की ताई ओरडायची, "चाललं!" आणि ती चिमुरडी घरभर पळत सगळ्यांना सांगत सुटायची, चाललं, चाललं. मोठी झाली, स्वतः शिक्के तपासायला लागली, तरी नवी डबी घेऊन सुट्टीच्या दिवशी आईकडेच यायची आणि बाही वर करून बसायची. मी म्हणायचे, "अगं घोडी झालीस, स्वतःचं स्वतः बघता येत नाही का?" तर म्हणायची, "आईनं मनगट धरलं नाही तर खाज थांबत नाही."

"बाबा निघालेत हं," ताई तिला सांगत होती. आवाज अगदी नेहमीचा, भाजी निवडताना असतो तसा. "गाडी मिळालीय त्यांना. जेवले नसतील. तुझ्या बाबांना वेळेवर जेवायचं कधी कळलंय? आल्यावर तूच सांग त्यांना. माझं ऐकत नाहीत."

माझा स्वभाव असा, की मला लाल सिग्नलला थांबायचंसुद्धा जिवावर येतं. वॅक्स गरम होईपर्यंत मी दहा फेऱ्या मारते. मी ताईला काहीतरी बोलणार होते. मग तिच्या पायांकडे लक्ष गेलं, त्या दोन वेगळ्या चपलांकडे, आणि मी लोखंडी स्टूल ओढून तिच्या मागे सरकवलं. ती बसली. मी भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले. साडी, पेटी, काही बघितलं नाही.

दार उघडून ती ड्यूटीवरची बाई आत डोकावली. "झालं का?"

"वाट बघतोय," मी म्हटलं.

"कसली?"

मी ताईच्या हाताकडे बोट दाखवलं. बाईनं बघितलं. तिला काय समजलं देव जाणे, पण तिनं दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि बाहेर ती कुणालातरी दुसऱ्या खोलीत जायला सांगतेय ते ऐकू आलं.

बऱ्याच वेळानं ताई उठली. चष्मा सारखा केला. बबडीच्या हातावर वाकली आणि उजेड पडावा म्हणून स्वतःची मान बाजूला घेतली. मी पण उठून उभी राहिले. खरं सांगते, मूर्खासारखी मीही चट्टा शोधत होते.

कातडी तशीच होती. फिकी, गार. क्रीमची हलकी चमक, बाकी काही नाही.

"नाही उठलं," ताई म्हणाली.

तिनं अंगठ्यानं ती जागा जरा चोळली आणि पुन्हा बघितलं. मग जोरात चोळली. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्यातलं दे."

"ताई..."

"दे म्हणते ना! वासाचं दे. ते मानेला लागलं होतं ते."

मी पेटी उघडली. ते लोशन अजून मी वापरते, नवरीमुलींना आवडतं. माझ्या हातून बाटली घेऊन तिनं भसकन तळहातावर ओतलं आणि बबडीच्या हाताला लावलं, कोपरापासून मनगटापर्यंत. सगळी खोली त्या वासानं भरली. ताई वाट बघत राहिली. बोटांनी ती जागा घासत राहिली, नखानंसुद्धा. एवढ्यानं बबडी किंचाळत बेसिनकडे धावली असती.

"उठ ना गं," ताई म्हणाली. मला वाटलं ती चट्ट्याला म्हणतेय. मग कळलं. "उठ ना, बबडे. थोडंसं लाल हो. एवढंसं."

आणि ती रडायला लागली. तिचं असं रडणं मी आमची आई गेली तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं. मी तिला मागून धरलं. आयुष्यभर त्या पोरीच्या अंगावर काही उठू नये म्हणून तिनं जिवाचं रान केलं होतं, आणि आता एक चट्टा मिळाला असता तर तिनं कुणाच्याही पायांवर डोकं ठेवलं असतं. मीही रडले. माझं लोशन, माझी पेटी, सगळं मला जाळून टाकावंसं वाटत होतं.

रडणं ओसरल्यावर ताईनं बेसिनवर रुमाल ओला केला. बबडीचा हात पुसला, वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा पुसला. बाही खाली केली. मग तिनं पुन्हा एकदा मनगट धरलं, सोडलं आणि हात चादरीखाली सरळ ठेवला.

"लाव तुझ्या पेटीतलं," ती म्हणाली. "जे चांगलं बसेल ते लाव. आता तिला सगळं चालतं."

सकाळपासून मी तिनं हेच म्हणावं म्हणून तगमगत होते. आता वाटलं, तिनं हे म्हणायला नको होतं. मी डोळे पुसले, ब्रश काढला आणि डोळ्याच्या कडेपासून सुरुवात केली.